चित्रात नसलेला बुरुड

मंगळवारी सकाळपासून बालाजीचं डोकं फिरलं होतं, आणि त्याला कारण होतं भिंतीवरची एक पाटी.

पाटी इंग्रजीत होती. दोह्यात, द पर्ल नावाच्या बेटावरच्या एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, बांबूच्या मोठ्या चिनी चित्राशेजारी, त्याने ती स्वतःच्या हाताने लेव्हल धरून बसवली होती. तीत काय लिहिलंय ते अफशांने सांगितलं. अफशां ही प्रदर्शनाचं काम बघणारी मुलगी. आईवडील राजापूरचे, घर अल थुमामाला, तिचा जन्म इथलाच. घरात मराठी बोलायची, म्हणून सुतारांच्या टोळीतल्या बालाजीशी तिचं जमायचं.

"जुन्या चीनमधले विद्वान लोक निसर्गाकडे नुसतं सुंदर म्हणून बघायचे नाहीत, बालाजीभाऊ," ती म्हणाली. "कन्फ्यूशियसला मानणारे होते ना ते. त्यांना झाडात, डोंगरात, पाण्यात माणसाचा स्वभाव दिसायचा. आता बांबू घ्या. आतून पोकळ, म्हणजे त्याला गर्व नाही. पेरं असतात, म्हणजे मर्यादा पाळतो. थंडीतही हिरवा राहतो, म्हणजे वाईट दिवसांत साथ सोडत नाही. सो, बांबू म्हणजे जंटलमन. सज्जन माणूस."

"सज्जन?" बालाजी म्हणाला.

"हो. घराजवळ मुद्दाम लावायचे. त्याच्याकडे बघून आपलं वागणं सुधारायचं."

बालाजीने शेवटचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला. त्याचं घराणं कितीतरी पिढ्या बांबू चिरत आलं होतं. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला टेकून त्याचा बाप सुपं, टोपल्या, दुरड्या विणायचा. जातीने बुरुड. बांबूच्या संगतीने माणूस सज्जन होतो, हे त्या गावात कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. लोक बुरुडाच्या दारात दोनदा यायचे, लग्न निघालं की सूप न्यायला आणि माणूस गेला की तिरडीचे बांबू न्यायला. मधल्या काळात बुरुडाने प्यायला पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे.

यातलं काहीही त्याने दोह्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आडनाव सूर्यवंशी, हातात पटाशी, त्यामुळे सगळे त्याला सुतारच समजत. कामगारांच्या आधीच्या कॅम्पात एकदा तो खरं बोलून बसला होता. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीतला वयाने सगळ्यात मोठा माणूस फक्त एवढंच म्हणाला, "बालाजी, तू लई दमतोस. आजपसनं सैपाक आमी बघतो, तू आपलं झाडून घेत जा." इतक्या गोड आवाजात म्हणाला की भांडायलाही जागा राहिली नाही. बालाजीने वर्षभर खोली झाडली आणि मग कंपनी बदलली.

आताच्या खोलीत आठ जण होते, सगळे देशावरचे आणि मराठवाड्यातले. इथे पीठ बालाजी मळायचा. त्याच्यासारखी ज्वारीची भाकरी त्या मजल्यावर कुणाला थापता येत नव्हती. शुक्रवारी दुपारी परातीसमोर मांडी घालून बसलं की तो कुठल्याही पाटीवरच्या सज्जनाइतका ताठ असायचा. ती परात हातची जाऊ नये, एवढ्यासाठी तो पाच वर्षं तोंड मिटून राहिला होता.

त्याच मंगळवारी दुपारी बासरीची पेटी आली.

ती शेन गुरुजींची होती. शेन हे सत्तरी ओलांडलेले चिनी चित्रकार आणि वादक. प्रदर्शन त्यांच्याच चित्रांचं होतं. डोंगर, धुकं, पाणी आणि बांबू यांची चित्रं काढायचे, आणि गुरुवारी उद्घाटनाला ही बासरी वाजवणार होते. उभी धरून वाजवायची, दीड हात लांब, पेरांपाशी काळपट पडलेली, त्यांच्या गुरूंच्या हातची. तोवर ती काचेच्या कपाटात ठेवायची होती. कपाटाची जागा मॅनेजरच्या नकाशात ठरलेली होती, बरोबर एसीच्या झडपेखाली. वरून दिवाही होता.

बालाजीने मान वर करून झडपेकडे पाहिलं. झडपेतून कोरडी गार हवा सरळ खाली येत होती, आणि कपाटाच्या माथ्याला हवेसाठी भोकं होती. जुना बांबू, पातळ भिंतीचा, दमट डोंगरातून आलेला. रात्रभरात तो चिरणार, हे सांगायला बापाची गरज नव्हती.

"बाजीरावभाऊ," तो फोरमनला म्हणाला, "हितं नगं ठेवायला. बांबूला ही हवा सोसत न्हाई. कोरड्यात तडकतोय."

बाजीराव त्याच्याच तालुक्यातला, घरची बागायत असलेला, आणि त्याच खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर झोपणारा. तो मोठ्याने हसला.

"तू काय बुरुड हाइस व्हय रे बाल्या? लागलाय बांबूचं सांगायला!"

टोळीतले दोघे-तिघे खिदळले. आणि बालाजीही हसला. नुसता हसला नाही, मान हलवून, दात दाखवून हसला, म्हणजे कुणाला शंका नको. मग त्याच हातांनी बासरी झडपेखाली ठेवून त्याने काच लावली. त्याला नंतर राग आला तो या हसण्याचा.

बुधवारी सकाळी बासरीला चीर पडलेली होती. तोंडापासून निघालेली केसाएवढी रेघ दोन पेरं पार करून खाली गेली होती.

मॅनेजर आला आणि बघता बघता हॉल दणाणला. "किसने रखा था ये?" तो ओरडला. बाजीरावने बालाजीकडे बोट दाखवलं. त्यात खोटं काही नव्हतं, ठेवली बालाजीनेच होती. फक्त त्याआधीचं वाक्य बाजीराव गिळून बसला. मॅनेजर अफशांला म्हणाला, आजच रिपोर्ट तयार करायचा, निष्काळजीपणा लिहायचा, याची सही घ्यायची, आणि पुढच्या आठवड्यात याला गावी पाठवायचं. खलास.

शेन गुरुजी बाजूलाच उभे होते. हात पुढे बांधलेले, नजर जमिनीवर. ते एक शब्द बोलले नाहीत. बालाजी त्यांच्याकडे बघत राहिला. हा माणूस चाळीस चित्रांतून बांबूचा ताठपणा शिकवतो, आणि इथे त्याच्यासमोर एका माणसाची भाकरी जातेय तर खाली बघतो. भिंतीवर बघावं तिकडे बांबू होते. बालाजीला वाटलं, एकेक उपटून काढावा.

"तो जंटलमन कुठंय?" तो अफशांला म्हणाला. आवाज चढला होता. "पाटीवरचा? इचारा की त्यांना. आता वाकलाय व्हय तो?"

"बालाजीभाऊ, प्लीज, शांत व्हा."

"का व्हायचं शांत? काल मी सांगितलं होतं. ह्या बाजीरावभाऊंना सांगितलं होतं, हवा कोरडी हाय, तडकंल म्हणून. इचारा त्यांना."

बाजीराव गुरगुरला, "तुला काय कळतंय बांबूतलं? मोठा आलाय!"

इथे बालाजीला थांबता आलं असतं. पाच वर्षांची परात डोळ्यांसमोर आली, भाकरीचा पापुद्रा आला, खिडकीजवळची खाट आली. तरी तो थांबला नाही.

"मला कळतंय," तो म्हणाला. "बुरुडाचा हाय मी. माझा बाप, आज्जा, पणजा, समदे बुरुड. तुमी काल इचारलं नव्हतं का? तर हाय. आना ती बासरी हिकडं."

कुणी हललं नाही. बाजीरावने त्याच्याकडे असं पाहिलं की त्या एका नजरेत खोलीतली सगळी जेवणं परत मोजली गेली. मॅनेजरला मराठी कळत नव्हती, तो फोनवर बोलायला बाहेर गेला. अफशांने मात्र सगळं इंग्रजीत करून शेन गुरुजींना सांगितलं. म्हाताऱ्याने मान वर केली, दोन्ही हातांत बासरी घेतली आणि बालाजीपुढे धरली. खाली ठेवली नाही, हातात दिली.

बालाजी ती घेऊन तडक मागच्या बाजूला गेला, सामान उतरवायच्या धक्क्यावर. सप्टेंबर होता. समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट की शर्ट दोन मिनिटांत पाठीला चिकटत होता. माणसाला नकोशी अशी ती हवा बांबूला हवी तशी होती. त्याने ओलं फडकं पिळून पिळून जवळजवळ कोरडं केलं, बासरी त्यात सैल गुंडाळली, सावलीत आडवी ठेवली आणि शेजारी बसला. शेन गुरुजी आणि अफशां त्याच्यासमोर लाकडी खोक्यांवर बसले. बांबूला हवा पिऊ द्यायची, घाई करायची नाही. बाप म्हणायचा, बांबूशी भांडून कुणाला काही मिळालेलं नाही.

दोन तासांनी चीर मिटत आली. गुरुजींच्या दुसऱ्या वाद्याला, सात तारांच्या एका लांबट वाद्याला, रेशमाच्या तारा असायच्या. त्यातली एक जादा तार त्यांनी पिशवीतून काढून दिली. बालाजीने तिचे पदर उकलले. चिरेवर सरसाचं पातळ बोट फिरवलं आणि प्रत्येक पेराच्या वरच्या अंगाला रेशमाचे वेढे घालायला घेतले, एकाला एक चिकटून, नखाने दाबत. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली दाबलेलं, शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं. गाठ दिसली तर बाप अख्खी टोपली उसवायला लावायचा.

"गाठ कुठाय?" अफशांने विचारलं.

"आत."

शेन गुरुजी हळूहळू इंग्रजीत काहीतरी बोलले. अफशां म्हणाली, "ते म्हणतात, त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं की चित्रात बांबू काढायचा असेल तर आधी दहा वर्षं बांबूजवळ राहा. संगीताचंही तसंच. वाजवणं हे लोकांना खूश करायला नसतं, आपलं मन सरळ करायला असतं. ते म्हणतात, तुम्हाला बघून गुरूंची आठवण आली. तुम्ही बांबूकडून शिकलेले आहात."

झालं. बालाजीचा हात थांबला. इतका वेळ कामाखाली दाबलेलं सगळं उसळून वर आलं.

"त्यांना इचारा," तो म्हणाला, "त्यांच्या देशात बांबू सज्जन. बरं. मग बांबू तोडनारा कोन? चिरनारा? टोपल्या करनारा? त्याला कुनी सज्जन म्हनलं का? त्याला घरात घेतलं का? का तिथं बी वरनं पानी वतत होते?"

अफशां घुटमळली. "असं कसं विचारू? ते गेस्ट आहेत."

"इचारा. शब्द गाळू नका."

तिने विचारलं. धक्क्याखाली एक ट्रक मागे येत होता, त्याची पिप पिप चालू होती. मग ते बोलले तेव्हा अफशांने वाक्य वाक्य थांबून सांगितलं.

"ते म्हणतात, आमच्या चित्रांत लाकूडतोड्या असतो, कोळी असतो. पण ते खरे नसतात. दरबार सोडून डोंगरात आलेला विद्वान असतो तो, कपडे फक्त बदललेले. त्याचे हात मऊ असतात. आणि पुलावरून जाणाऱ्या साहेबाच्या मागे वाद्य उचलून चालणारा नोकर असतो, त्याला तर आम्ही तोंडही नीट काढत नाही. पन्नास वर्षं मी बांबू काढतोय. तो तोडणारा माणूस मी एकदाही काढलेला नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

बालाजीने तो वाद्य उचलणारा माणूस पाहिला होता. प्रत्येक चित्र टांगताना आधी त्याची नजर त्याच्यावरच जायची.

"अजून एक म्हणतात," अफशां थांबली. "ती एसीची झडप त्यांनीही पाहिली होती. मंगळवारी. त्यांना कळलं होतं बासरी तडकेल. पण पाहुण्याने यजमानाची चूक काढणं बरं दिसत नाही, म्हणून बोलले नाहीत. आणि आज सकाळीही तसंच."

बालाजीने मान वर केली. एवढ्या मोठ्या माणसाने तेच केलं होतं जे त्याने केलं. एक सभ्यतेपायी गप्प बसला, दुसरा भीतीपायी हसला, आणि मध्ये बासरी फुटली. त्याचा राग यामुळे कमी झाला नाही. उलट वाढला, कारण म्हाताऱ्याला गप्प बसल्याची काही किंमत पडली नव्हती.

"मग हितं धक्क्यावर मला सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "आत जाऊन त्या मॅनेजरला सांगा म्हनावं. माझ्यासमोर."

शेन गुरुजी उठले. अंगरखा झटकला, सरळ केला, जसे ते वाजवायला बसण्याआधी करायचे. आत जाऊन त्यांनी मॅनेजरला सांगितलं की झडप त्यांना दिसली होती आणि ते बोलले नाहीत, या माणसाने मात्र सांगितलं होतं. रिपोर्ट लिहायचा असेल तर त्यात त्यांचं नाव आधी लिहा. पाहुण्याचं नाव कोण लिहिणार? मॅनेजरने कागद मुडपून खिशात घातला आणि "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणत सुटला. बालाजीची नोकरी वाचली. बाजीराव त्या वेळी भिंतीला टेकून मोबाईल बघत होता.

गुरुवारी संध्याकाळी हॉल भरला. अत्तरांचे वास, पांढरे स्वच्छ झगे, सूट, उंच टाचा. गुरुजींनी आधी सगळ्यांसमोर शाईने बांबू काढून दाखवला. खालून वर एक फराटा, पेरापाशी हात उचलून कोरी फट, पुन्हा फराटा. शेवटी त्यांनी बुंध्याशी एक तिरका छेद काढला, तोडलेल्या बांबूचा खुंट. लोकांना ते काय आहे ते कळलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या बालाजीला कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

"चुकलं," तो अफशांच्या कानाशी पुटपुटला. "पेराच्या बरोबर वर तोडतेत. असं मधीच तोडलं तर नळीत पानी साचतंय. आख्खं बेट कुजतंय."

अफशांने जाऊन सांगितलं. म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत तो कागद बाजूला केला, नवा घेतला आणि छेद पेराच्या वर काढला. मग बासरी ओठांना लावली. सूर खालून आला, जाड, थोडा घोगरा, आणि रेशमाच्या बांधांनी धरून ठेवलेला. बालाजी शेवटपर्यंत फक्त चिरेकडे लक्ष देऊन ऐकत होता. चीर उघडली नाही. टाळ्या झाल्या. लोक डोंगर आणि धुक्याबद्दल बोलत बाहेर पडले.

शुक्रवारी दुपारी कॅम्पात बालाजी अंघोळ करून खोलीत आला, तर परात बाजीरावसमोर होती. बाजीरावने पिठात पाणी घातलेलं होतं आणि त्याच्या बोटांना पीठ चिकटलं होतं. बाकीचे सहा जण आपापल्या खाटांवर बसून फोनकडे बघत होते.

"ये बालाजी," बाजीराव गोड आवाजात म्हणाला. "लई दमलास आठवडाभर. आजपसनं पीठ आमी बघतो. तू आपलं झाडून घेत जा."

जवळजवळ शब्दन् शब्द तोच. हे लोक हे वाक्य कुठल्या शाळेत शिकतात, असं बालाजीला वाटलं. पण या वेळी त्याला भांडायला जागा सापडली.

त्याने पिशवी उघडली. प्रदर्शनाच्या सजावटीतून उरलेल्या बांबूची त्याने काल घासून पुसून दुरडी विणली होती. ती त्याने खोलीच्या मधोमध ठेवली.

"बाजीरावभाऊ," तो म्हणाला, "तुमचा आज्जा गेला तवाचं तुमी हमेशा सांगता. सात गावं आली होती म्हनून. तवा तिरडीचे बांबू न्यायला तुमचे चुलते पहाटं स्टँडमागं आले होते. मी सोळा वर्षांचा होतो. बांबू मी काढून दिले, कामट्या मी चिरल्या, सुतळीच्या गाठी मी मारल्या. चुलते म्हनले, खाली ठेव, मग आमी उचलतो. मी तिरडी खाली ठेवली. तुमचा आज्जा माझ्या हातच्या कामट्यांवर पाठ टेकून गेला. तवा इटाळ झाला न्हाई. आता भाकरीचा होतोय?"

बाजीरावच्या बोटांवरचं पीठ वाळायला लागलं होतं.

बालाजीने त्याच्यासमोरून परात ओढून घेतली. पीठ पातळ झालं होतं, त्यात कोरडं टाकून त्याने मळलं. मग तो थापत गेला, तव्यावर टाकत गेला, पाण्याचा हात फिरवत गेला आणि फुगलेल्या भाकरी दुरडीत रचत गेला. भाजी कालची होती. सगळं मध्ये मांडून तो म्हणाला, "ज्याला खायचं त्यानं खावं."

दोघे लगेच खाली उतरले आणि जेवायला बसले. तिसरा थोडा थांबून आला. बाकीच्यांनी बाजीरावकडे पाहिलं. बाजीराव उठला, फळीवरचं खुबुसचं, त्या अरबी रोटीचं, पाकीट काढलं आणि दाराकडे निघाला.

"बसा," बालाजी म्हणाला.

"मला भूक न्हाई."

"खाऊ नका. पन बसा. माझं जेवन हुस्तवर हितंच बसायचं. मी तुमच्या आज्जाची तिरडी बांधून दिली, तुमच्यानं एवढं होतंय का बघू."

बाजीराव दाराशी उभा राहिला. मग परत फिरला आणि पाकीट मांडीवर घेऊन खाटेच्या काठावर बसला. बालाजीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि सावकाश चावायला लागला. त्याने घाई केली नाही. पहिली संपल्यावर त्याने दुरडीतून दुसरी घेतली.